एक कोट, एक चित्र

इंग्लंडमधल्या ‘ऑटम’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं, हे कोडं मला इतक्या वर्षांत सुटलेलं नाही. शब्दकोश म्हणतो ‘शरद’. पण आपला शरद म्हणजे कोजागरीचं मसाला दूध, पाऊस संपून धुऊन निघालेलं आकाश आणि दुपारचा ऑक्टोबर हीटचा चटका. इथे पानगळ आणि बोचरा वारा. त्यातून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात, की मग ऑफिसमधून निघेपर्यंत बाहेर चक्क रात्र! दोन्हीकडे सारखी गोष्ट म्हणाल तर एकच. या दिवसांत कपडे खरेदी होते. तुमच्याकडे दिवाळीची, आमच्याकडे थंडीची.

मी मात्र दर ऑटमला दोन खरेद्या करते. एक अंगावर घालायची आणि एक भिंतीवर लावायची. ‘चित्रं विकत घेते’ असं म्हटलं की लोक जरा दचकून बघतात, म्हणून आधीच सांगते, लिलावात हात वर करणाऱ्यांतली मी नव्हे. माझ्याकडे आजमितीला नऊ चित्रं आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून किंमत एका बऱ्यापैकी सायकलीएवढी होईल. पण ही दोन्ही खातीं माझ्या वहीत एकाच पानावर का आली, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी कपड्यांचं. २०१२ च्या सप्टेंबरात मी केंब्रिजला पीएचडीसाठी आले. तेवीस किलोच्या बॅगेत दोन स्वेटर होते. एक आईने विणलेला, दुसरा पुण्यात थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेला. शिवाय ‘फॉरेनला चालेल ताई, बिनधास्त घ्या’ अशा हमीसकट मिळालेलं एक जाडजूड जाकीट. जाडी ही उबेची खूण नव्हे, हे त्या जाकिटाने सायकलवरच्या पहिल्याच आठवड्यात सिद्ध केलं. वारा त्यातून आरपार जायचा.

गंमत म्हणजे माझा संशोधनाचा विषयच हा. सच्छिद्र पदार्थांतून उष्णता कशी वाहते. कपड्यात ऊब देते ती अडकलेली हवा, कापड ही फक्त त्या हवेची पिशवी. या देशात तर उबेचं घरगुती एकक आहे, टॉग! मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी १९४० च्या दशकात ते काढलं, आणि नावही घेतलं ते कपड्यांसाठीच्या बोलीतल्या ‘टॉग्ज’ या शब्दावरून. एक चौरस मीटरमधून एक वॅट उष्णता जात असताना दोन बाजूंच्या तापमानात ०.१ अंशाचा फरक राखील तो एक टॉग. इथे दुलई घ्यायला गेलात तर पाकिटावर लिहिलेलं असतं, उन्हाळ्याची साडेचार टॉग, हिवाळ्याची साडेतेरा. कोटावर मात्र असलं काही लिहीत नाहीत. तिथे कॉलर, कट आणि रंग! मला याचा अजूनही राग येतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ होते. माझं जाकीट दोन बोटांत धरून त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘लोकर’. आणि दुकानांऐवजी चॅरिटी शॉपचा रस्ता दाखवला. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करायचे, अशी ही दुकानं. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमने १९४० च्या दशकाच्या अखेरीस असं दुकान काढलं, आता ती प्रत्येक गावात आहेत. तिथे मला एक कोट मिळाला. हॅरिस ट्वीडचा, शेवाळी रंगाचा, आत क्रॉस असलेल्या गोलाची खूण शिवलेली. किंमत अडतीस पौंड. त्या खुणेमागे १९९३ चा पार्लमेंटचा कायदा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच सूत रंगवून, कातून, बेटवासीयाने आपल्या घरी हाताने विणलेलं असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही. इंग्लंडच्या भुरभुर पावसाला याहून चोख उत्तर नाही.

फोनवर आईला आनंदाने सांगितलं. पलीकडे शांतता.

“म्हणजे दुसऱ्याचा कोट?”

“धुतलेला आहे गं आई.”

“अगं, आपण जुने कपडे बोहारणीला देऊन पातेली घेणारी माणसं. आणि तू ते पैसे देऊन आणलेस? तेही दिवाळीत?” मग जरा वेळाने, “बरं, निदान कॉलरला कुंकू तरी लाव.”

लावलं. अजून बारीकसा डाग आहे.

पण खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. तेव्हा माझा खरेदीचा एकच निकष होता, परत जाताना तेवीस किलोंत मावेल का? मोठा कूकर घेतला नाही, टेबललॅम्प घेतला नाही. पुस्तकं लायब्ररीतून. नवा भारी कोट घेणं म्हणजे इथले पुढचे हिवाळे मोजून ठेवणं. पुण्यात दोन किलोचा ट्वीडचा कोट घालणार कुठे, सिंहगडावर? अडतीस पौंडांच्या जुन्या कोटाचं तसं नव्हतं. जाताना त्याच दुकानात परत देऊन टाकला की झालं. तो खरेदीत मोडतच नव्हता.

पहिलं चित्रही असंच घरात आलं, खरेदीत न मोडता.

केंब्रिजमध्ये केटल्स यार्ड नावाचं एक घर आहे. जिम ईड नावाचा गृहस्थ पूर्वी लंडनच्या टेट गॅलरीत कामाला होता. १९५० च्या दशकात तो केंब्रिजला आला, मोडकळीला आलेली चार छोटी घरं जोडून त्याने एक घर केलं, जमवलेली चित्रं आणि शिल्पं त्यात मांडली आणि दुपारी विद्यार्थ्यांना दार उघडं ठेवलं. या, बसा, बघा. चित्रांच्या शेजारी गोटे मांडलेले, एका थाळीत एक लिंबू. १९६६ मध्ये हे सगळं त्याने विद्यापीठाला देऊन टाकलं. आणि आपल्याकडची चित्रं तो विद्यार्थ्यांना खोलीत लावायला उसनी द्यायचा! ती प्रथा विद्यापीठाने पुढे चालू ठेवली. वर्षाच्या सुरुवातीला जायचं, नाममात्र फी भरायची आणि खरंखुरं चित्र काखेत मारून खोलीवर यायचं. उन्हाळ्यात परत. लायब्ररीच्या पुस्तकासारखं.

मी शेवाळी कोट घालून त्या रांगेत उभी राहिले आणि काळ्या शाईतलं एक छापचित्र घेऊन आले. नांगरलेलं शेत आणि वर आकाश, बास. पहिले दोन आठवडे मला त्यात काही दिसलं नाही. नोव्हेंबरात, सिम्युलेशन चालत नव्हतं म्हणून रात्री दोन वाजता त्याच्याकडे बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की आकाशातल्या रेघा आणि जमिनीतल्या रेघा एकाच दिशेने कापलेल्या आहेत, फक्त वरच्या जरा उथळ. इतकंच. पण हे प्रदर्शनात पाच मिनिटं उभं राहून दिसलं नसतं. चित्र कपड्यासारखंच वापरावं लागतं. जूनमध्ये परत दिलं तेव्हा भिंत उघडी पडल्यासारखी वाटली.

त्याच घरात आल्फ्रेड वॉलिसची शंभरहून जास्त चित्रं आहेत आणि तिथेच ‘परवडणारी कला’ या गोड शब्दाला मला पहिल्यांदा ठेच लागली. वॉलिस कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज गावचा. तरुणपणी बोटींवर, मग भंगारमालाचा धंदा. बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, सोबत म्हणून चित्रं काढायला लागला. शिकलेला नव्हता. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे जसे फाटले असतील तसे घ्यायचा आणि बोटीला लावायच्या रंगाने जहाजं, दीपगृहं, बंदरं रंगवायचा. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड या दोन चित्रकारांनी त्याला पाहिलं आणि मग लंडनच्या मंडळींत त्याचं नाव झालं. ईडला तो टपालाने चित्रांची पार्सलं पाठवायचा, ईड आवडतील ती ठेवून घ्यायचा. भाव आकारमानाप्रमाणे. एक, दोन किंवा तीन शिलिंग.

१९४२ मध्ये वॉलिस वारला तो मॅड्रनच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये. त्याच्या थडग्यावर बर्नार्ड लीच या मोठ्या कुंभार-कलावंताने बनवलेल्या सुंदर फरशा आहेत. थडगं समुद्राकडे तोंड करून आहे. सगळं चांगलं झालं, फक्त उशिरा.

ईडवर राग धरावा असं मला वाटत नाही. त्याच्या हातातही फार पैसा नव्हता आणि त्याने विकत घेतली नसती तर ते पुठ्ठे शेगडीत गेले असते. पण ‘मला परवडलं’ हे वाक्य अर्धंच असतं. दुसऱ्या अर्ध्यात समोरचा माणूस असतो. त्याला परवडलं का?

आपल्याकडे हा प्रश्न कधी फार पडला नाही, कारण आपली परवडणारी कला छापखान्यातून आली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. माझ्या आजीने तर याहून स्वस्त मार्ग काढला होता. दीनानाथ दलाल! १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला. आजी अंक वाचून झाला की मुखपृष्ठ ब्लेडने अलगद कापायची आणि जुन्या फोटोफ्रेममध्ये घालायची. दर दिवाळीला फ्रेममधली बाई बदलायची. आईच्या लहानपणी दिवाळीत नव्या फ्रॉकइतकीच उत्सुकता ‘या वर्षी कोण येणार’ याची असे. म्हणजे नवे कपडे आणि नवं चित्र हे एकाच हंगामात घरात येणं हा काही माझा शोध नव्हे, आमच्या घराण्याचीच ती रीत! आमच्या फ्लॅटमध्ये मात्र ती मोडली होती. तिथे हॉलमध्ये खिळा एकच, आणि तो कालनिर्णयचा.

इंग्लंडात चित्र परवडावं म्हणून बऱ्याच जणांनी डोकं चालवलंय. विल रॅम्झी या माजी लष्करी अधिकाऱ्याने १९९९ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कात ‘अफोर्डेबल आर्ट फेअर’ सुरू केली. किमतीला वरची मर्यादा आणि प्रत्येक चित्राशेजारी किंमत लिहिलेली. ही दुसरी अट जास्त मोलाची. किंमत विचारायची लाज वाटते म्हणून गॅलरीच्या दारावरून परत फिरणारी माझ्यासारखी माणसं कमी नाहीत. एका ऑक्टोबरात मीही जाऊन आले. फार झगमगाट, हातात शॅम्पेनचे ग्लास, आणि ‘परवडणारं’ म्हणजे कुणाला हे चटकन कळावं असे कोट. मला तिथे काही परवडलं नाही. त्यापेक्षा आर्ट्स काउन्सिलने २००४ मध्ये काढलेली ‘ओन आर्ट’ योजना माझ्या कामाची निघाली. बिनव्याजी कर्ज, दहा हप्ते. एका गॅलरीतून एकशे ऐंशी पौंडांचं एचिंग मी असं घेतलं. आई म्हणाली, “फ्रिजचा हप्ता ऐकला होता. चित्राचा हप्ता आजच ऐकला.”

नोकरी लागली ती ब्रिस्टलला. हे बँक्सीचं गाव, त्यामुळे इथे प्रत्येकाला एक तरी असा मित्र असतो ज्याने ऐन वेळी शंभर पौंडांत त्याचा प्रिंट घेतला नाही आणि आता हळहळतोय. २०१८ मध्ये लिलावाचा हातोडा पडताच फ्रेममध्येच अर्धं फाटलेलं त्याचं ते फुग्यावालं चित्र २०२१ मध्ये एक कोटी ऐंशी लाख पौंडांच्या वर गेलं. तेव्हापासून ऑफिसातले लोक मला विचारतात, “तुझ्यातलं कुठलं वाढेल?” मी सांगते, कोटाला कुणी विचारतं का, तुझ्यातलं कुठलं वाढेल म्हणून?

माझी खरी जागा म्हणजे टॉटरडाउन. ब्रिस्टलची ही टेकडी, वर रंगीबेरंगी घरांच्या ओळी. २००१ पासून तिथे नोव्हेंबरात ‘फ्रंट रूम’ नावाची कलायात्रा भरू लागली. चित्रकार मंडळी आपापल्या घराची बैठकीची खोली उघडतात, सोफा सरकवून भिंतीवर चित्रं लावतात, आणि आपण हातात नकाशा घेऊन चढ-उतार करत घरोघर फिरायचं. साधारण मंगळागौरीला चार घरी जाऊन यावं तसं. कुणी केक देतं, कुठे मांजर अंगावर येतं.

२०१८ साली तिथे मी एका बाईंकडून एक लिनोकट घेतला. पावसात चढावर सायकल ढकलणारी बाई, तीन रंगांत. खाली पेन्सिलने लिहिलेलं १२/३०. म्हणजे तीस प्रतींतली बारावी. मी विचारलं, तीसच का? शंभर काढल्या तर स्वस्त नाही पडणार? त्यांनी मला लिनोचा ठोकळा दाखवला, जवळजवळ कोराच. ही पद्धतच अशी की एकाच ठोकळ्यावर पहिला रंग छापायचा, मग त्यातलंच आणखी कोरून काढायचं, दुसरा रंग छापायचा, पुन्हा कोरायचं. शेवटचा रंग होईपर्यंत ठोकळा जवळपास संपलेला असतो. किती प्रती हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, नंतर एकही वाढवता येत नाही. टंचाई आहे, पण ती दुकानदाराने आणलेली नाही.

किंमत पंच्याऐंशी पौंड. माझा स्वभाव नडला आणि मी तासांचा हिशोब विचारला. त्या हसल्या, पण सांगितलं. सगळं मिळून एकशे ऐंशी तासांच्या आसपास. तीन वर्षांत अकरा खपल्या, माझी बारावी. कागद, शाई आणि प्रदर्शनाचा खर्च साधारण दोनशे. परत येताना बसमध्ये मोबाइलवर भागाकार केला. बारावीपर्यंत तासाला चार-साडेचार पौंड. त्या वर्षी या देशात पंचवीस वर्षांपुढच्या माणसाचं किमान वेतन होतं ७.८३ पौंड. एक, दोन किंवा तीन शिलिंग! तेव्हापासून मी त्यांच्याकडे घासाघीस करत नाही, आणि दर वर्षी जाते. कोटाची शिलाई उसवली तर नवा न घेता शिवून घेते, त्यात हे बसतं.

आता खिळ्याची गोष्ट. भाड्याच्या घराच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे माझी चित्रं जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसायची, शिक्षा झालेल्या मुलांसारखी. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. बसलेली चित्रं कधीही उठून निघू शकतात.

२०२१ मध्ये मी छोटंसं घर घेतलं. आईबाबांनी त्याला ‘इन्व्हेस्टमेंट’ असं नाव दिलं. “छान केलंस, परत आलीस की भाड्याने देता येईल.” मी हो म्हटलं. मग एका शनिवारी ड्रिल आणलं, विटेच्या भिंतीत भोक पाडलं, गिट्टी बसवली, स्क्रू फिरवला आणि सायकलवाली बाई टांगली. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. मी नेहमीच्या जागीच बसले होते. आईचं बोलणं मधेच थांबलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

“खिळा ठोकलास वाटतं.”

“हो.”

“पक्का बसलाय?”

“पक्का बसलाय.”

मग तिने विषय बदलून कुणाच्यातरी मुंजीचा काढला. पण त्यानंतर ‘परत कधी येतेस’ हा प्रश्न तिने ‘पुढच्या वेळी किती दिवसांसाठी येतेस’ असा विचारायला सुरुवात केली. इतकी वर्षं जे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते तिने भिंतीवर वाचलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर ती इथे आली. बाबांना थंडी सोसत नाही म्हणून एकटीच, फराळाचे डबे आणि चार दिवाळी अंक घेऊन. पहिलं काम कोट. चॅरिटी शॉपचा विषय मी काढलाच नाही. नव्या दुकानात दोन तास गेले. फिका नको, मळतो. काळा नको, कारण उघड. गुडघ्यापर्यंतचा घेतला तर साडीच्या निऱ्या खालून डोकावतात, घोट्यापर्यंतचा घेतला तर “मी काय वकील आहे?” शेवटी मरून रंगाचा, आत निऱ्यांना जागा राहील असा ढगळ. आरशात वळून-वळून बघून म्हणाली, “बरा आहे. किती टॉगचा?” सांगते काय, मला भरून आलं.

तो कोट घालून ती माझ्याबरोबर टॉटरडाउनला आली. चित्रांपेक्षा लोकांची घरं आतून बघायला मिळतात याचंच तिला अप्रूप. प्रत्येक दारात “चपला कुठे काढायच्या?” तिसऱ्या-चौथ्या घरात मात्र ती एका छोट्या छापचित्रासमोर थांबली. मागच्या अंगणातली दोरी, त्यावर वाऱ्याने फुगलेले वाळत घातलेले कपडे. बराच वेळ बघून म्हणाली, “दलालांसारखी रेघ आहे हिची. कमी रेघेत काम.” तीस पौंड, फ्रेम न केलेलं. “तिला विचार, दोन घेतले तर काय लावशील?” मी म्हटलं, आई, तासांचा हिशोब कर. बसमध्ये केलेला भागाकार तिला सांगितला. तिने शांतपणे पर्स उघडली आणि पूर्ण भावाने दोन घेतले. एक तिला, एक मावशीला. बाहेर आल्यावर म्हणाली, “भाजीवालीशी करतो ती घासाघीस वेगळी. ती आधी वाढवून सांगते. हिने बरोबर सांगितलं होतं.”

जायच्या आदल्या रात्री दोन पुठ्ठ्यांच्या मधे चित्रं घालून तिने ती साड्यांच्या घड्यांत ठेवली. बॅग भरली बावीस किलो आठशे ग्रॅम. कोट मात्र दाराच्या मागे तसाच. मी आठवण केली तर म्हणाली, “तो कशाला नेऊ? तिथे काय करायचंय? राहू दे इथेच, पुढच्या वर्षी लागेल.”

आठवड्याने फोटो आला. हॉलमध्ये, कालनिर्णयच्या खिळ्यावर, दोरीवरचे कपडे. कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दारामागे गेलं होतं आणि एकादशी कधी ते बघायला आता तिथवर जावं लागतं अशी बाबांची तक्रार होती. मी मरून कोट ब्रश करून कपाटात ठेवला. खिशात टॉटरडाउनचा नकाशा आणि कागदाच्या पुडीत चार लवंगा होत्या.